गोसमालीचं कार्ड

३ फेब्रुवारी, सोमवार

‘ग’ची पेटी माझ्याकडं आली. पेटी कसली, चपलांचं खोकं. आत एकशे अठरा कार्डं. पंचाक्षरी सर म्हणाले, “महिनाअखेर छापायला जायचंय. मोनिका, तुझ्याकडं दिलं म्हणजे मला परत बघावं लागत नाही.” असं कुणी म्हणलं की मी प्रत्येक कार्ड तीन-तीनदा बघते.

कार्डावर पाच ओळी. शब्द. अर्थ. वापर. सांगणाऱ्याचं नाव-वय. गाव. वापर म्हणजे कुणीतरी खरंच बोललेलं वाक्य. आपल्या मनानं बनवायचं नाही. बोलीकोशाचा एवढा एकच नियम सरांनी पहिल्या दिवशी सांगितला होता.

एकशे नववं कार्ड — गोसमाली. अर्थाच्या ओळीत सरांचं अक्षर, पेन्सिलीनं: ‘कानउघाडणी, कडक शब्दांत दिलेली समज.’ वापर कोरा. नाव कोरं. गाव कोरं.

खाली ठेवलं. पुढचं घेतलं.

४ फेब्रुवारी

बत्तीस कार्डं झाली. गोसमालीला हात लावला नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

उत्कर्षचा फोन. धावण्यात पास, छाती पास, लेखी आधीच झालेली. सोमवारी मेडिकल! भाऊ फौजेत जाणार म्हणून मला आनंद व्हायला पाहिजे. मी “बरं झालं” म्हणाले. दोनदा म्हणाले.

मग तो हळूच म्हणाला, “आक्का, कान कसा बघत्यात गं?”

मला ठाऊक होतं. गेल्या वर्षीच शोधून ठेवलं होतं, त्याला सांगितलं नव्हतं. पाठमोरं उभं करतात. एक कान बोटानं बंद करायचा. वीस फुटांवरून मागून कुजबुजतात. ऐकू आलं ते परत म्हणायचं. मग दुसरा कान.

“दुसरा बी?”

“दुसरा पण.”

“व्हय का.” मग म्हणाला, “इतवारी ये की घरी. जरा सराव करू.”

जसं काही सरावानं होणार आहे. त्याचा डावा कान सातव्या वर्षापासून बंद आहे. वर्गात कायम डावीकडच्या भिंतीला बसला, म्हणजे सगळे उजवीकडं. गाडीवर मागं बसतो, कुणी बोललं की मान फिरवतो. लोकांना वाटतं, काय गुणी पोरगं, तोंडाकडं बघून ऐकतं.

पुढच्या वर्षी त्याचं वय बसत नाही. हीच एक भरती.

७ फेब्रुवारी

सरांना विचारलं, गोसमाली कुठून आला. ते खूश. “फारसी! गोश म्हणजे कान. माली म्हणजे चोळणं, आपल्या मालिशमधलं. निजामाच्या राज्यात शाळा उर्दू, तिथनं खेड्यात उतरला. गोशमालीची गोसमाली. पण आता अर्थ सौम्य झालाय. आता कोण कुणाचा कान पिळतंय? शब्दांनीच बोलतात.”

“सगळीकडं सौम्य झालाय का सर?”

“तुझ्याकडं वेगळा वापर असंल तर दे. नाव-गावासकट.”

अर्पिता समोरच्या टेबलावर ‘घ’ करते. ती म्हणाली, “सर, हिला एक गोसमाली द्या, एका कार्डावर चार दिवस बसलीय.” सगळे हसले. मीपण हसले. हसले की नाही ते नंतर आठवत बसले.

९ फेब्रुवारी, रविवार

सकाळच्या गाडीनं भूमवरून ईटला. आप्पा दारात. मांडीवर कोकरू, हातात दुधाची बाटली. त्याची माय दोन दिवसांपूर्वी मेली. आप्पा त्याच्याशी बोलत होते — “पी रं माझ्या राजा, पी, दम धर.” एवढ्या हळू आवाजात ते माणसांशी बोलत नाहीत.

विचारलं, “आप्पा, गोसमाली म्हणजे काय?”

“घिऊन इसरलीस व्हय?”

“मी खाल्ली नाही. एकदाच. कार्डावर लिहायचंय.”

“मग लिव्ह. पोरगं चुकलं की ज्याचं बरुबर आलं त्यानं त्येच्या कानावर द्यायची. म्हातारं मानूस मारतंय तर पोरगं डूख धरतं. पोरानं पोराला दिली की ध्येनात ऱ्हातं. आमच्या दादानं, तुज्या आज्यानं, निजामाच्या साळंत खाल्ल्या, आमाला शिकवल्या. आमी तुमाला.” बाटली कोकराच्या तोंडात नीट केली. “म्हनून तर एम. ए. झालीस. न्हायतर आज मेंढरं वळत असतीस.”

चुलीपासून माय ओरडली, “पोरगी म्हयन्यानं आली आन तुमचं मारायचंच चाललंय. जेवू तरी द्या तिला!”

आप्पा म्हणतात ते खरं आहे. आम्ही लहान असताना दसरा झाला की आमचं दार बंद. मेंढरांमागं आठ महिने. शाळेच्या पटावर आमचं नाव, आणि आम्ही नदीकाठी कुणाच्या तरी रानात. आप्पा सातवी पास. डब्याचं मोठं पत्र्याचं झाकण आणि चुलीतला कोळसा. संध्याकाळी मेंढरं वाघरीच्या जाळ्यात कोंडली की आमची शाळा. मी आणि उत्कर्ष, दोनच पोरं. बाराखडी, पाढे, पावकी, निमकी, दीडकी, औटकी. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा, आता कुणी शिकवत नाही. आप्पांना तो आजोबांच्या तोंडून आलेला, आम्हाला आप्पांच्या तोंडून. पुस्तक नव्हतंच. पाचवीला आश्रमशाळेत गेले तर बाईंनी माझे पाढे ऐकायला दुसऱ्या वर्गातली पोरं बोलावली होती.

हे सगळं आप्पांनी दिलं. हे लिहून ठेवते, कारण पुढचं लिहिताना विसरायला नको.

कार्डासाठी वाक्य मिळालं होतं. लिहून घेतलं नाही.

दुपारी उत्कर्ष मला रानात घेऊन गेला. पावलं मोजली, बाभळीपासून आठ. मी बाभळीखाली. तो पाठमोरा. आधी डावा कान बंद, उजवा उघडा. मी कुजबुजले — बेचाळीस. “बेचाळीस!” एकोणसत्तर. “एकोणसत्तर!” एकही चुकला नाही.

मग त्यानं बोट बदललं. उजव्या कानात बोट, घट्ट. मी म्हणाले — अठरा. तो गप्प. त्रेपन्न. गप्प. त्याची मान थोडी पुढं, वाऱ्यावर काही येतंय का तसं.

मग मी म्हणाले, “उत्कर्ष, तुझा कान मी घालवला.”

मोठ्यानं नाही. कुजबुजूनच. पण पूर्ण वाक्य, एक शब्द गाळला नाही.

तो थांबला. म्हणाला, “सत्तावीस?”

तो वळला. तोंडभर हसत. “बरुबर?”

“बरोबर,” मी म्हणाले.

१० फेब्रुवारी

आज मेडिकल. त्याचा फोन नाही. सोळा कार्डं झाली. सगळी तीनदा बघितली.

११ फेब्रुवारी, मंगळवार

अपात्र. डावा कान.

मायचा फोन होता. “त्येनं काय म्हनून सांगितलंच न्हाय गं. आला, कपडे बदलले आन मेंढरं घिऊन गेला.” मागून आप्पांचा आवाज — “नदीचं पानी गेलं हुतं त्येच्या कानात. तवापासनं हाय ते.”

मी म्हणाले, “हो माय, पाणीच.” तोंडातून आपोआप आलं. तेरा वर्षं येतं तसं.

रडू येईल असं वाटलं होतं. नाही आलं. मेसचा डबा खाल्ला. डबा धुतला. परत धुतला.

१२ फेब्रुवारी

आता लिहिते. आधी कधी लिहिलं नाही.

मी दहा वर्षांची. उत्कर्ष सात. आमचा तळ नदीकाठी, हरभरा काढलेल्या रानात. औटकी चालली होती. आप्पा पत्र्यावर कोळशानं ठोके द्यायचे. त्या दिवशी विचारलं — सात औटे?

पाढे म्हणायचे असतात, मोजायचे नसतात. उत्कर्ष मोजायचा. त्याला पाठ व्हायचंच नाही. तो मेंढरांच्या वाळलेल्या लेंड्या घेऊन बसायचा. तीन लेंड्या आणि एक अर्धी, नखानं मोडलेली. अशा सात ओळी मांडल्या. आप्पा वैतागले — “ल्येका, हात बघ तुजं! हे काय गनित हाय का उकिरडा? पाठ म्हन.”

तो लेंड्यांवर बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, “साडेचोवीस.”

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी तालात म्हणाले, “सात औटे साडेपंचवीस.” त्याच्यापुढचं, मागचं, सगळं म्हणून दाखवलं. न अडखळता.

“शाब्बास. उत्कर्षला गोसमाली दे.”

आमच्या घरची गोसमाली अशी. समोर उभं राहायचं. डाव्या हातानं त्याचं नाक धरायचं, म्हणजे मान हलत नाही. उजवा हात उघडा, तळवा सपाट, कानावर. मी नेहमी हळू द्यायची. तो खोटंच “आय गं” म्हणायचा. आमचं ठरलेलंच होतं.

त्या दिवशी आप्पांना दिसलं. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि माझ्या कानावर एक दिली. जोरात नव्हती, दाखवण्यापुरती. “ही गोसमाली. खोटं शिकायचं न्हाय. आता तू दे.”

खोटं शिकायचं न्हाय. हे मला इतकं पटलं! आजपर्यंत रांगेत कुणाच्या पुढं गेले नाही, हजेरीची खोटी सही केली नाही. तेव्हाही मला वाटलं, आपण रोज खोटं करत होतो. पाप होतं. मग मी खरी दिली. सगळा जीव लावून. दोन.

पहिल्यांदा तो ओरडला. दुसऱ्यांदा ओरडला नाही. कानावर हात ठेवून खाली बसला आणि लेंड्या बघत राहिला.

सकाळी त्याच्या सदऱ्याच्या खांद्यावर वाळलेला ठिपका होता, चिंचोक्याएवढा. मायनं विचारलं. तो आदल्या दिवशी नदीत डुंबला होता. आप्पा म्हणाले, “पानी गेलं असंल.” माय तेल घालत राहिली. आठ दिवसांनी कान पिकला. तळ हलला. उन्हाळ्यात भूमला डॉक्टरला दाखवलं, तेव्हा तो म्हणाला पडदा गेलाय, लवकर का नाही आणलं. आप्पा म्हणाले, पाणी गेलं होतं. डॉक्टरनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, “हो. पाणी.”

आप्पांना ठाऊक आहे का? मला कळत नाही. खरंच कळत नाही. त्यांनी त्या दिवसानंतर गोसमाली बंद केली. का ते सांगितलं नाही.

१३ फेब्रुवारी

हे सगळं त्याच हातानं लिहिते. डाव्यानं लिहून बघितलं, जमत नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

अर्पिता म्हणाली, “अगं, तोंड का असं? भावाचं लग्न ठरलंय का, साडी मिळंना का?” मी म्हणाले, भाऊ मेडिकलला नापास. ती ओशाळली, म्हणाली, “मग दुसरीकडं बघंल की. फौज म्हणजे काय सगळं नाही.” मग चहा आणून दिला. माझ्यासाठी बिस्कीटपण. चांगली आहे. तिला सांगावंसं वाटलं. पण आधी ज्याला सांगायचं, तो तर मेंढरांमागं आहे.

उद्याच्या गाडीनं जाते.

१६ फेब्रुवारी, रविवार

सांगितलं.

तो ओढ्याच्या वर होता, कपडे भरतीचेच — ट्रॅकपँट आणि सराव करून झिजलेले बूट. मेंढरं सावलीला माना खाली घालून उभी. मी त्याच्या उजव्या बाजूला बसले. मुद्दाम.

“उत्कर्ष, कानात पाणी गेलं नव्हतं. मी गोसमाली दिली त्यानं गेला.”

तो काठीनं मातीत रेघा मारत होता. थांबला नाही.

“आन मागच्या इतवारी बाभळीखाली काय म्हणली हुतीस? सत्तावीस न्हवतंच ते.”

“हेच म्हणाले होते.”

“मला वाटलंच. आकडा एवढा लांब नसतो.” जरासा हसला. “पाठीवर कळतंय गं. वारं येतंय तसं. बोलनं हाय एवढं कळतंय, काय हाय ते न्हाय.”

“मी तुला बरोबर म्हणाले. खोटं बोलले.”

“त्येनं काय हुतंय. तितं बी म्या सत्तावीसच म्हणून बघितलं. डाक्टर हसला.”

मी हसले नाही. म्हणाले, मी आप्पांना सांगते. डॉक्टरला, मायला, सगळ्यांना. तू मला काय म्हणायचं ते म्हण. मार. माझ्या कानावर मार. हे शेवटचं कसं तोंडातून गेलं कुणास ठाऊक.

त्यानं माझ्याकडं बघितलं, एखादं मेंढरू वाट चुकून परत आलं की बघतो तसं. “आक्का, येडी हायस का? तू दहाची, म्या सातचा. मला ठावं हुतं की. ज्येच्या कानावर बसली त्येला ठावं नसंल व्हय?”

“मग पाणी पाणी का म्हणायचास?”

“तू म्हणायचीस म्हणून.”

एक मेंढी खोकली. मग तो म्हणाला, “मारल्याचं न्हाय वाटत मला. एकच वाटतं. म्या बरुबर सांगितलं हुतं.”

“काय?”

“सात औटे. म्या दोनदा मोजलं हुतं. लेंड्या मोडून मोडून.”

“साडेपंचवीस,” मी म्हणाले. आपोआप. त्याच तालात. “तू चुकला होतास उत्कर्ष. पण चुकला म्हणून काय—”

“बरं,” तो म्हणाला. “तसं तर तसं.” आणि उठून मेंढरांना हाळी दिली.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

गोसमालीचं कार्ड पूर्ण केलं. सरांची पेन्सिल खोडली नाही, खाली शाईनं लिहिलं.

अर्थ: मोठ्यांच्या सांगण्यावरून, ज्या मुलाचं उत्तर बरोबर आलं त्यानं चुकलेल्या मुलाच्या कानावर उघड्या तळव्यानं मारणं.

वापर: “उत्कर्षला गोसमाली दे.”

सांगणाऱ्याचं नाव: मोनिका, वय २३. गाव: ईट.

नावाच्या ओळीवर पेन थोडा वेळ थांबला. वाक्य आप्पांचं आहे. पण ऐकणारी मी, आणि देणारीही मी. आप्पांचं नाव घातलं असतं तर ते खोटं ठरलं नसतं. तरी माझंच घातलं.

सरांनी वाचलं. चष्मा काढला. परत घातला. “उत्कर्ष म्हणजे...”

“माझा भाऊ.”

त्यांनी कार्ड खोक्यात ठेवलं, त्याच्या जागी. मग दारापाशी जाऊन म्हणाले, “पेन्सिलीतलं मी खोडून टाकीन. सौम्य नाही झालेला तो शब्द.”

मला हलकं वाटायला पाहिजे. वाटेल कदाचित.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

‘ग’ संपला. सरांनी आधीच्या अक्षरांतले राहिलेले चार शब्द दिले. त्यातला एक औटकी. “पाढा पुरा लिही. तुझ्याशिवाय इथं कुणाला येत नाही. आणि ताळा करून दे, छापल्यावर चूक निघाली तर लोक हसतील.”

बे औटे सात. तीन औटे साडेदहा. चार औटे चौदा. पाच औटे साडेसतरा. सहा औटे एकवीस.

इथपर्यंत ताळा झाला. बाकीचा उद्या.

२२ फेब्रुवारी

सात त्रिक एकवीस. सात निम्मे साडेतीन. एकवीस आणि साडेतीन — साडेचोवीस.

तीनदा केलं. मग खाली जाऊन शेंगदाणे आणले, मोडून मोडून सात ओळी मांडल्या.

साडेचोवीस.

सरांकडून गोसमालीचं कार्ड परत मागून घेतलं. अर्थातला ‘चुकलेल्या’ हा शब्द खोडला.